बंदुकीचं कपाट

बाबांनी सत्तरी ओलांडली आणि घरातली दुनळी बंदूक माझ्या नावावर करायचं ठरलं. २०१६च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे: परवानाधारक सत्तरीला पोचला किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, तर ते वारसाकडे जाऊ शकतं. कागदपत्रांची कहाणी सांगत नाही. सातबाऱ्यावर नाव चढवून घेतलेल्यांना ती पाठ आहे, बाकीच्यांना उगाच कशाला घाबरवा? पण बंदूक कुलपात ठेवीन, अशी हमी मी दिली आणि तिथून माझे ग्रह फिरले.

बाबांची व्यवस्था साधी होती. शेतीसंरक्षणाची बारा बोर गोणपाटात गुंडाळून माळ्यावर, सुपारीच्या पोत्यामागे. काडतुसं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, देवघराच्या फळीवर. "इतक्या वर्सांत कोणी हात लावल्यान?" हा त्यांचा सवाल. "आता कपाट हाड, म्हणजे चोराक सोदूक नको."

इंटरनेटवर पाहिलं तर अमेरिकन तिजोऱ्या. आत मखमल, चोवीस बंदुका उभ्या राहतील अशा खाचा, वजन आपल्या म्हशीएवढं. आपल्याकडे २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं. उरलेल्या बावीस खाचांत छत्र्या राहिल्या असत्या म्हणा.

मग शहरातलं दुकान. तिथे सगळे डिजिटल लॉकर दागिन्यांच्या मापाचे. "लॅपटॉप आरामात बसतो, सर," विक्रेता म्हणाला. मी म्हटलं, वस्तू चार फुटांची आहे. तो म्हणाला, "फोल्ड होत नाही?" होते तशी. नळ्या, दस्ता आणि पुढचं लाकूड असे तीन भाग सुटे होतात. पण नुसत्या नळ्याच तीस इंच. वस्तू कोणती हे सांगितल्यावर त्याने चहा मागवला आणि आवाज एकदम आदबीचा केला. लॉकरचं माप मात्र तेच राहिलं.

शेवटी गावाजवळच्या फॅब्रिकेटरकडून तीन एमएम पत्र्याचं उभं कपाट करून घेतलं. काडतुसांना आत वेगळा कप्पा, त्याला वेगळं कुलूप. ही गोष्ट कोणाला कळता कामा नये, असं मी त्याला बजावलं. तो "छे छे" म्हणाला आणि कपाट उघड्या टेम्पोतून भर बाजारातून पाठवलं.

टेम्पो घाटीपाशी थांबला. पुढे चिऱ्याच्या पायऱ्या. ऐंशी किलोची वस्तू वर न्यायची तर माणसं लागणार आणि वाडीतली माणसं फुकट खांदा देतात, पण माहिती घेऊन. "फ्रीज काय रे?" "फ्रीज नाय, बंदुकीचा कपाट." "मगे बंदूक खंय ठेवतलंस?" शेजारच्या काकांनी तर वर पोचेपर्यंत खोली, भिंत आणि दाराची दिशाही ठरवून टाकली.

खरी परीक्षा भिंतीची. आमचं घर जुन्या जांभ्या चिऱ्याचं. गवंड्याने ड्रिल लावलं, ते सुरकन आत गेलं. त्याला आनंद झाला. मग अँकर फास्टनर ठोकून तो नट आवळू लागला, तर नटाबरोबर अख्खा बोल्ट गोल फिरायला लागला आणि भोकातून तांबडी माती भुरूभुरू गळू लागली. जाडा बोल्ट घातला, भोक त्याच्याहून मोठं झालं. उपाय एकच: भिंतीतून आरपार बोल्ट आणि पलीकडे पडवीत लोखंडी पट्टी. गवंडी नट पडवीकडून लावायला निघाला तेव्हा झोपाळ्यावरचे बाबा प्रथमच खूश झाले. "बरां झाला. चोराक पानो तेवढो हाडूचो लागतलो."

नट आत आले. पडवीतल्या पट्टीवर आईने कालनिर्णय टांगलं.

मग कपाटाच्या कुलपाचा सहा आकडी नंबर. परवाना ज्याचा, नंबर त्यालाच ठाऊक असावा, असं मी जेवताना जाहीर केलं. बायको म्हणाली, "म्हणजे एटीएमचा पिन मी सांगायचा आणि हा तू नाही सांगायचा?" भात वाढणं थांबलं. त्या रात्री मी नियम तिला सविस्तर समजावला, तिने तो ऐकला आणि पुढचे काही दिवस घरात फक्त आमटी बोलत होती, तीही खारट.

पावसाळ्यात गंज नको म्हणून नळ्यांना तेल लावलं, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. आमच्या घरात जुलैत कोरडी असलेली ती एकमेव जागा. आईने हे हेरून ठेवलं.

एवढ्यात निवडणूक लागली. हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करा, असा निरोप आला. माकडांना आचारसंहिता लागू नाही, हे ठाणे अंमलदारांना सांगून पाहिलं. त्यांनी हसून पावती दिली. कपाट रिकामं. दुसऱ्याच दिवशी आईने त्यात काजूगर, कुळथाचं पीठ आणि फणसाचे पापड लावले. उंदीर शिरत नाही, वास येत नाही, आणि पापड काढायला नंबर लागतो म्हणून तो आता घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

निकाल लागले, बंदूक परत आणायची वेळ आली. नंबर बदलायचा, हे मी मनाशी ठरवलं आणि आईला कप्पे रिकामे करायला सांगितलं.

"जिल्हा परिषदेची कधी आसा रे?" तिने विचारलं.