नॉर्डश्लाइफ शिकायचंय? मग रिस्टार्टवरचं बोट काढा

सिम रेसिंग, म्हणजे खऱ्यासारखी गाडी चालवायचे रेसिंग गेम, नव्याने सुरू केलेल्या प्रत्येकाला जर्मनीतल्या नॉर्डश्लाइफ या रेस ट्रॅकबद्दल एक सल्ला हमखास फॉरवर्ड होतो. 'न्युर्बुर्गरिंग नॉर्डश्लाइफ असं शिकायचं: सगळ्यात फास्ट गाडी घे, रेसिंग लाइन (गाडी कुठून न्यायची ते रस्त्यावर दाखवणारी रंगीत पट्टी) ऑन ठेव, फुल स्पीडने जा, ठोकलीस की लगेच रिस्टार्ट, ट्रॅक आपोआप हातात बसतो.' सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण यातली जवळपास प्रत्येक गोष्ट नवख्याला मागे ओढते असं माझं ठाम मत आहे.

आधी रिस्टार्टचं बघू, कारण खरी गडबड तिथेच आहे. हा ट्रॅक 20.832 किलोमीटरचा आहे, दोन-तीन किलोमीटरच्या ट्रॅकवर रिस्टार्ट चालून जातो पण इथे प्रत्येक वेळी सुरुवातीपासून निघालात तर हात्झेनबाखची वळणं डोळे मिटून येतील आणि पंधरा किलोमीटरच्या पुढचा फ्लान्झगार्टन, जिथे गाडी उंचवट्यावर हलकी होते, तो कायम परकाच राहील. पाढे म्हणताना चुकलं की दरवेळी बे एके बे पासून सुरू करणाऱ्याला एकोणतीसचा पाढा कधी येणार? त्यापेक्षा तुकडे पाडा. ग्रान टुरिस्मो 7 या गेममध्ये सर्किट एक्स्पिरियन्समध्ये ट्रॅक सेक्टरमध्ये वाटूनच दिलाय, आयरेसिंग या गेमच्या टेस्ट सेशनमध्ये अ‍ॅक्टिव्ह रिसेट आहे, हवी ती जागा सेव्ह करायची आणि तिथूनच परत परत निघायचं. आणि तुकड्यांच्या मधे, ठोकली तरी चालेल, रांगत का होईना पण लॅप, म्हणजे ट्रॅकची अख्खी फेरी, पूर्ण करायचाच.

'सगळ्यात फास्ट गाडी' हे तर मला पटतच नाही. फुक्सरोरेच्या उतारावरून गाडी खाली येते, तळाशी दाबली जाते, लगेच चढ, आणि चढाच्या पलीकडे आडेनाउअर फॉर्स्टचं घट्ट डावं-उजवं जे समोर येईपर्यंत दिसतच नाही, खऱ्या ट्रॅकवरसुद्धा कितीतरी गाड्या तिथे सरळ गवतात जातात. जीटी3 सारख्या फास्ट रेस कारमध्ये हे सगळं इतक्या पटकन होतं की नक्की कुठे चुकलं हेच कळत नाही. माझदा एमएक्स-5 सारखी साधी गाडी घ्या, विचार करायला वेळ मिळतो.

रेसिंग लाइनचं म्हणाल तर पहिले काही लॅप ठीक, नंतर बंद करा, कारण नजर त्या रंगीत पट्टीवर खिळते आणि कर्ब (वळणाच्या कडेची रंगवलेली पट्टी), झाडं, बॅरियर, रस्त्यावर रंगवलेली अक्षरं ह्या खऱ्या खुणा लक्षातच राहत नाहीत.

'फुल स्पीडने जा' याला उत्तर बेर्गवेर्कचं वळणच देतं. तिथून पुढे केसेलखेनचा लांबच लांब चढ आहे, आत जोरात घुसून बाहेर पडताना गाडी रुंद गेली, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या कडेला फेकली गेली, की तो तोटा अख्ख्या चढावर वाढतच जातो. हळू आत, लवकर गॅस, एवढंच.

आता 'ठोकल्यावर पुढे काय' हे या सल्ल्यात नाहीच, आणि रेसमध्ये रिस्टार्टचं बटण नसतं! गाडी फिरली आणि सावरत नाही असं दिसलं की क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा, म्हणजे इंजिन बंद पडत नाही आणि गाडी जिकडे घसरतेय तिकडेच घसरत राहते, मागचे लोक अंदाज घेऊन बाजूने जाऊ शकतात. मधेच ब्रेक सोडला तर टायर अचानक पकडतात आणि गाडी ट्रॅकच्या आडवी झेपावते, बहुतेक मोठे अपघात पहिल्या चुकीत नाही तर इथे होतात. थांबल्यावर मॅप बघा, मागून कोणी येत असेल तर जागचे हलू नका, रिव्हर्स घेत, बाकीच्या गाड्या जिथून धावतात त्या लाइनवर तर अजिबात येऊ नका. मग हळू निघा, गवतातून आलेले टायर मळलेले असतात, पुढची एक-दोन वळणं पकड कमीच मिळते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं धरावं लागतंय? मग सस्पेन्शन वाकलंय, आणि पिट (गाडी दुरुस्त करायची जागा) अजून दहा-बारा किलोमीटर लांब असेल तर ब्रेक लवकर मारत, मागच्यांना जागा देत तिथपर्यंत गाडी नेणं हेसुद्धा आधी प्रॅक्टिसमध्येच करून बघायला हवं.