किल्ला पॅरिसला गेलेला नाही

गेल्या आठवड्यात वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज पडला. वर सायरनची तीन लाल चित्रं, खाली ‘कोकणी माणसा, जागा हो’. रात्रीपर्यंत तो मुंबईच्या चाकरमान्यांकडून फिरून चार वेळा परत आला. मजकूर थोडक्यात असा: विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी युनेस्कोने ताब्यात घेतले, आता मालक पॅरिस. किल्ल्यापासून पाचशे मीटरपर्यंत घराचं कौलही बदलता येणार नाही, हा युनेस्कोचा कायदा. होड्या हलवाव्या लागतील. प्रत्येक किल्ल्याला शंभर कोटी आलेत, ते कुणी खाल्ले विचारा. अमेरिका शहाणी म्हणून बाहेर पडली, भारत मात्र गुलाम.

मी दुर्लक्षच करणार होते. पण सकाळी शेजारच्या काकू पडवीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “गो, आमचा घरव आता युनेस्कोचा झाला म्हणतत, खरा काय ता?” त्यांच्या मागच्या पडवीचे वासे वाळवीने खाल्लेत आणि पावसाळ्याआधी शाकारणी करायची की नाही, हा प्रश्न त्या मेसेजने अडवून धरलाय. म्हणून हे लिहिणं.

आधी जे खरं आहे ते. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसला, म्हणजे जिथे युनेस्कोचं मुख्यालय आहे तिथे, जागतिक वारसा समितीच्या ४७व्या अधिवेशनात ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. मेसेजमधले चारही जलदुर्ग त्यात आहेत, आपला रायगडही आहे. भारताचं हे ४४वं स्थळ. इथपर्यंत मेसेज बरोबर. पुढे मात्र गाडी घाटातून खाली सुटते.

“ताब्यात घेतले.” ही यादी १९७२ च्या एका करारावर चालते. त्या करारावर भारताने १९७७ साली स्वतःहून सही केली. त्याच्या सहाव्या कलमातच लिहिलंय की स्थळ ज्या देशात आहे त्या देशाच्या सार्वभौमत्वाचा पूर्ण आदर राखला जाईल आणि तिथल्या कायद्याने दिलेल्या मालमत्तेच्या हक्कांना बाधा येणार नाही. अकराव्या कलमात तर देशाची संमती असल्याशिवाय कुठलंही स्थळ यादीत घालताच येत नाही. प्रस्ताव आपल्या सरकारने तयार केला, पाठवला, मांडला, आणि ज्या २१ देशांच्या समितीने तो मान्य केला तिच्यात तेव्हा भारतही बसलेला होता. आदल्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये, याच समितीचं अधिवेशन दिल्लीत भरलं होतं. घरच्या कार्याचं आमंत्रण आपणच छापायचं आणि मग पाहुण्यांनी घर बळकावलं म्हणून ओरडायचं, असला हा प्रकार आहे.

करार वाचायचा कंटाळा असेल तर कोकणकन्येने जाऊन बघा. सीएसएमटी २००४ साली याच यादीत गेलं. त्या फलाटावरून रात्री सुटणाऱ्या गाडीत आपण अर्धं आयुष्य काढलंय. युनेस्कोचा टीसी कुणाला भेटलाय का? गाड्या रेल्वेच्याच, आणि वेटिंग लिस्टही रेल्वेचीच.

त्याहून जवळचा दाखला घारापुरीचा. कोकण किनाऱ्यावरचंच बेट, रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. तिथली लेणी १९८७ साली यादीत गेली. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर ही गावं तेव्हाही तिथे होती, आजही आहेत. लोक राहतात, होड्या लावतात, पर्यटकांना काकड्या-कैऱ्या विकतात. वीज मात्र त्या बेटावर कायमची पोचायला फेब्रुवारी २०१८ उजाडला, समुद्राखालून केबल टाकून. मुंबई समोर लखलखत असताना तिथले लोक सत्तर वर्षं जनरेटरच्या दोन-तीन तासांवर राहिले, हा राग यायलाच हवा. पण केबल टाकायची होती आपल्याला. यादीत असलेल्या बेटावरच ती टाकली गेली आणि कुणी आडवं आलं नाही. घारापुरीच्या कुणाचं घर अडतीस वर्षांत पॅरिसच्या नावावर चढलेलं मी तरी ऐकलं नाही.

आता काकूंचा मुद्दा, म्हणजे कौलं. इथे मला जरा थांबायचंय, कारण मेसेजमधली ही एकच भीती पोकळ नाही. किल्ल्याजवळ बांधकामावर बंधन आहे. नक्की आहे. पण ते आपल्याच देशाचं आहे. केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा, १६ जून १९९२ ची त्याखालची अधिसूचना, आणि २०१० ची दुरुस्ती. या दुरुस्तीनुसार केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर हा प्रतिबंधित भाग, त्यापुढचे २०० मीटर हा नियंत्रित भाग. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग ही तिन्ही केंद्राकडची स्मारकं, म्हणून हे अंतर यादी येण्याआधी पंधरा वर्षं लागू होतं आणि उद्या यादीतून नाव काढलं तरी लागूच राहील. (खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, त्याचा कायदा निराळा.) मेसेजमधले पाचशे मीटर कुठून आले, देव जाणे. गोल आकडा दिसायला बरा म्हणून कुणीतरी टाकला असावा.

आणि ‘कौलही बदलता येणार नाही’ हे तर याही कायद्यात नाही. १०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाही. पण जे घर १६ जून १९९२ पूर्वीचं आहे, किंवा त्यानंतर रीतसर मंजुरी घेऊन बांधलेलं आहे, त्याच्या दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. हे कलम २०-ग मध्ये आहे. कायद्याच्या भाषेत गटार साफ करणं, नळाची नि विजेची सोय ठेवणं हे बांधकामात धरतच नाहीत. अर्ज करणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या स्वतःच्या न्हाणीघराची भिंत नव्याने करायची होती तेव्हा एका कार्यालयात तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला नकाशा जुना, दुसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर, तिसऱ्या खेपेला टेबल बदललेलं. एसटीचं तिकीट, दिवसाची मजुरी, आणि वर ‘बघू’. हा राग माझ्याही पोटात आहे. फक्त तो पॅरिसवर काढून माझी भिंत उभी राहिली नसती. ज्या कार्यालयात फाईल अडते त्याचा पत्ता जिल्ह्यात, राज्यात किंवा दिल्लीत असतो, आणि तिथे माहितीचा अधिकार चालतो.

मेसेजवाल्याला एक सवलत देते. यादीत आल्याने नवं काहीच झालं नाही असं नाही. स्थळाच्या किंवा त्याच्या भोवतालच्या संरक्षक पट्ट्यात मोठं काही उभारायचं असेल, म्हणजे मोठी जेट्टी, पूल, रोपवे असलं काही, तर सरकारने निर्णयाआधी समितीला कळवावं अशी अपेक्षा असते. हंपीत हे घडलंय. पुलांच्या कामांवरून १९९९ साली हंपी धोक्यातल्या स्थळांच्या यादीत गेली आणि २००६ साली बाहेर आली. जर्मनीतल्या ड्रेस्डेनने समितीचं न ऐकता एल्बे नदीवर पूल बांधलाच, तेव्हा २००९ साली त्याचं नाव यादीतून कमी झालं. शिक्षा संपली. सैन्य आलं नाही, नदी जप्त झाली नाही, पुलावरून आज गाड्या जातात. युनेस्कोच्या हातात एवढंच आहे: नाव लिहिणं, कान टोचणं, आणि शेवटी नाव खोडणं. काकूंची पडवी या हिशेबात कुठेच बसत नाही.

होड्यांचं एका ओळीत संपवते. करारात होडी, जाळं, रापण यातलं काही नाही. मासेमारीचं नियमन राज्याच्या १९८१ च्या कायद्याने होतं, आणि त्याबद्दल मच्छीमार सोसायटीत जी भांडणं आहेत ती चालू राहोत.

शंभर कोटींकडे मात्र नीट बघायला हवं, कारण ‘कुणी खाल्ले’ या प्रश्नावर गावात माणसं एकमेकांकडे बघायला लागलीत. युनेस्कोच्या वारसा निधीत साऱ्या जगासाठी वर्षाला जमतात ते काही दशलक्ष डॉलर. यादीत स्थळं आहेत १,२४८. सारखे वाटले तर एकेकाच्या वाट्याला काही हजार डॉलर येतील. आमच्याकडे तेवढ्यात पडवीसकट घर होत नाही, तट कुठला दुरुस्त होणार? आणि ते सारखे वाटलेही जात नाहीत. ते प्रामुख्याने गरीब देशांच्या आणि धोक्यातल्या स्थळांच्या मदतीला जातात. पैशाचा ओघ उलटा आहे: करारातले देश या निधीत वर्गणी भरतात, भारतही भरतो. दिल्लीच्या अधिवेशनात तर भारताने युनेस्कोच्या वारसा केंद्राला वर दहा लाख डॉलर देऊ केले. किल्ल्याचं रक्षण ही मुख्यतः त्या-त्या देशाची जबाबदारी, असं कराराचं चौथं कलम म्हणतं. तेव्हा शंभर कोटी आलेच नाहीत, म्हणून कुणी खाल्लेही नाहीत. तटाच्या सांध्यांत पिंपळ-वडाची रोपं दर पावसाळ्यात मुळं घालतात. ती काढायला केंद्राच्या आणि राज्याच्या अर्थसंकल्पात किती तरतूद आहे आणि त्यातली किती इथवर पोचली, हा प्रश्न ग्रामसभेत जरूर विचारा. मीही हात वर करीन.

आता अमेरिका. ती बाहेर पडते, हे खरं. १९८४ ला पडली, २००३ ला परत आली. २०१८ अखेर पुन्हा गेली, २०२३ ला परत आली. जुलै २०२५ मध्ये, आपले किल्ले यादीत गेले त्याच महिन्यात, पुन्हा जाण्याची घोषणा केली, ती लागू होणार डिसेंबर २०२६ अखेर. सासरी-माहेरी एवढ्या खेपा आमच्या आजीनेही केल्या नसतील. पण गंमत पुढेच आहे. १९७२ च्या वारसा करारातून अमेरिका बाहेर पडली नव्हती. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा यादीत गेला १९८४ साली, म्हणजे अमेरिका युनेस्को सोडत होती त्याच वर्षी. तो अजून यादीत आहे आणि अजून अमेरिकेचाच आहे.

राहिला ‘गुलाम’. युनेस्कोची घटना लंडनला १६ नोव्हेंबर १९४५ रोजी ठरली. भारत तेव्हा स्वतंत्रही नव्हता, पण संस्थापक सदस्यांत होता. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८-४९ मध्ये, डॉ. राधाकृष्णन तिच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष होते. १९५६ साली तिची सर्वसाधारण परिषद दिल्लीत भरली. युनेस्कोशी व्यवहार बघणारा आपला राष्ट्रीय आयोग दिल्लीतच आहे, तोही आपल्या सरकारचा. याला गुलामी म्हणायचं तर वर्गणी भरून मंडळाच्या सभेला बसणारे आपण सगळेच गुलाम.

याच सहकार्यातली एक गोष्ट कुणी फॉरवर्ड करत नाही, आणि ती किनाऱ्यावरच्या माणसाच्या जिवाची आहे. युनेस्कोची घटना ठरली त्यानंतर बाराच दिवसांनी, २८ नोव्हेंबर १९४५ ला, आजच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला आणि त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत आली, माणसं दगावली. तेव्हा इशारा द्यायला कुणी नव्हतं. २००४ च्या त्सुनामीनंतर हिंदी महासागरासाठी जी इशारा यंत्रणा उभी राहिली, तिचा समन्वय युनेस्कोचा समुद्रविज्ञान आयोग करतो. आपल्याकडचं इशारा केंद्र हैदराबादला, इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेत, २००७ पासून चालतं, आणि ते नुसतं भारताला नाही, महासागराकाठच्या इतर देशांनाही इशारे पुरवतं. तिथे आपण घेणारे नसून देणारे आहोत.

जाता जाता, त्याच ग्रुपवर पूर्वी फिरलेल्या दोन गोष्टी. कातळशिल्पं ‘जागतिक वारसा झाली’ हे अजून खरं नाही. कशेळी, बारसू, देवाचं गोठणं, उक्षी, कुडोपी वगैरे सड्यांवरची चित्रं २०२२ पासून संभाव्य यादीत आहेत, आणि ती यादी देश स्वतः करतो. आणि युनेस्कोने ‘जन गण मन’ला जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवल्याचा मेसेज तर मोबाईलवर मराठी दिसायला लागल्यापासून फिरतोय. युनेस्को असल्या स्पर्धा घेत नाही. विजयदुर्गातल्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून हेलियमचा शोध लागला म्हणतात, ती गोष्ट मी मुद्दाम काढत नाही. तिच्यावर गावात दोन दिवस भांडण चालेल.

काकूंना एवढं सगळं सांगितलं नाही. घर कधीचं, एवढंच विचारलं. “सासऱ्यांनी बांधल्यानी,” त्या म्हणाल्या. मग दुपारी दोघींनी मिळून त्यांची पत्र्याची पेटी उपसली. लग्नाच्या पत्रिका, एलआयसीचे कागद, एक फुटका चष्मा, आणि तळाशी घरपट्टीच्या पावत्यांची सुतळीने बांधलेली चवड. सगळ्यात खालची १९७८ ची निघाली. उद्या ग्रामपंचायतीत जाऊन असेसमेंटचा उतारा काढायचा आणि त्यासोबत अर्ज लिहायचा. वासे फणसाचे घालायचे की सागाचे, यावर मात्र काकू अजून ठरवत आहेत.