आधी कळस, मग गटार

तुमची वसाहत पस्तीस-चाळीस वर्षांची झाली असेल, रस्त्यावर ठिगळावर ठिगळ चढलं असेल आणि दोन सरी पडल्या की कोपऱ्यावर तळं होत असेल, तर सुधारणेची वेळ आली असं समजा. घाबरू नका. सुधारणा अशी करायची असते की पाच वर्षांनी तीच पुन्हा करता आली पाहिजे. त्याला फार अक्कल लागत नाही. कामांचा क्रम तेवढा उलटा ठेवायचा.

म्हणजे आधी रस्ता. गटार जमिनीखाली असतं, आणि जे दिसत नाही त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढता येत नाही. फीत बांधणार तरी कशाला? डांबराचं तसं नाही. सकाळी खडबडीत, संध्याकाळी काळंभोर. पोरं सायकली काढतात, मोठी माणसं गॅलरीत येऊन बघतात, बंद पडलेलं बोलणं पुन्हा सुरू होतं. त्या आठवड्यात कोणी ड्रेनेजचा विषय काढलाच, तर लग्नघरात मयताची गोष्ट काढल्यासारखं त्याच्याकडे बघा. गप्प बसतो.

महिनाभराने खोदाई सुरू होईलच. आधी पाण्याच्या पाइपवाले येतील, मग केबलवाले, आणि सगळ्यांत शेवटी ड्रेनेजवाले, कारण त्यांचा चर सगळ्यांत खोल. त्यामुळे आधीच्या दोघांनी घातलेलं तोडल्याशिवाय त्यांना खाली जाताच येत नाही, आणि त्या दोघांना पुन्हा यावं लागतं. खोल ते आधी, उथळ ते नंतर आणि वरचा थर सगळ्यांत शेवटी, असं एखादा म्हातारा इंजिनीअर सांगत असेल. तो लवकरच निवृत्त होतोय.

चर बुजवताना मात्र घाई हवी. वीतभर जाडीचा थर टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मस मारायचा, मग पुढचा थर, ही पुस्तकातली पद्धत. तुम्ही खणून काढलेली सगळी माती, त्यातल्या डांबराच्या ढेकळांसकट, एका दमात आत ढकला. वर थोडा उंचवटा राहू द्या. दबाई गाड्या करतील, फुकटात. पहिल्या पावसात उंचवट्याची घळ झाली की खोदाई नेमकी कुठून गेली हे नकाशाशिवाय कळतं, ही एक सोयच म्हणायची.

पाइप टाकताना लेव्हल बघायचं यंत्र मागवू नका. दोरी आणि डावा डोळा पुरतो. मैल्याच्या पाइपातून पाणी सेकंदाला निदान ०.६ मीटर वेगाने वाहिलं तर गाळ सोबत घेऊन जातं, त्याहून हळू वाहिलं तर गाळ तळाशी बसतो. पण विचार करा, गाळ बसलाच नाही तर दरवर्षी काढायचा काय? गाळ काढणं हा तर देखणा कार्यक्रम आहे. चेंबरची झाकणं उघडायची, काळा गाळ उपसून चेंबरच्या काठावरच ढीग घालायचा, आणि वाळेपर्यंत थांबायचं. तो वाळेपर्यंत पाऊस येतो आणि ज्याचं त्याला परत देतो. काम झाल्याची नोंद मात्र झालेली असते, ती काही वाहून जात नाही.

जुनी लाइन लहान पडते अशी ओरड झाली तर मोठा पाइप जरूर टाका. गणित तुमच्या बाजूने आहे. तोच उतार ठेवून व्यास दुप्पट केला तर पाइप सहापटीहून जास्त पाणी नेतो. तेव्हा वसाहतीत मोठा पाइप घाला आणि पुढे तो जुन्याच लहान पाइपाला जोडा. सहापट पाणी मोठ्या डौलाने त्या जोडापर्यंत येईल. पुढचं पुढे. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये जोसेफ बाझलजेट नावाच्या इंजिनीअरने हे उलटं केलं होतं. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्स नदी इतकी घाण मारू लागली की नदीकाठी बसणाऱ्या संसदेला नाक धरून कायदा करावा लागला, आणि या गृहस्थांनी घाण नदीत पडायच्या आत अडवून शहराबाहेर नेणारी मोठमोठी विटांची गटारं बांधली. बरीचशी आजही चालू आहेत. दीडशे वर्षं पुन्हा निविदा काढायला जागाच ठेवली नाही! असला माणूस तुमच्या कमिटीत नको.

मोहेंजोदारोचंही नाव कोणी घेईल. साडेचार हजार वर्षांपूर्वी त्या लोकांनी रस्त्याकडेने विटांची गटारं बांधली आणि वर उचलता येतील असे ढापे ठेवले. बिचाऱ्यांकडे काँक्रीट नव्हतं, म्हणून उचलता येत होते. तुमच्याकडे आहे. फाटकापुढचं गटार गाडी चढवण्यासाठी पक्कं बंद करा, वर उतरण बांधा, जमल्यास फरशी लावा. प्रत्येक घराने एवढं केलं की गटार तुकड्यातुकड्यांत उरतं, आणि गाळ नेमका कोणाच्या उतरणीखाली अडलाय हा वसाहतीला वर्षभर पुरणारा विषय होतो.

अंगणाचंही बघा. माती चिखल करते, पायांनी घरात येते. पेव्हर ब्लॉक बसवा, झाडाच्या बुंध्यापर्यंत. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तासाभरात पन्नास मिलिमीटर पडला तर दोनशे चौरस मीटरच्या आवारात दहा हजार लिटर होतं. मातीचं अंगण त्यातलं बरंचसं पिऊन टाकत होतं. फरशी सभ्य असते, ती सगळं रस्त्यावर देते. रस्त्यावर पाणी तुंबलं की ते पालिकेचं, तुमचं नाही.

डांबराचा खरा शत्रू पाणीच, हे तुम्हाला कोणीतरी सांगेल. भेगेतून ते आत शिरतं, खालची खडी-माती मऊ करतं, वरून चाक गेलं की बारीक माती चिखल होऊन वर फेकली जाते, आत पोकळी होते आणि एके दिवशी वरचं कवच खचतं. म्हणजे खड्डा खालून तयार होतो. तुम्ही तो वरून भरा. पाऊस चालू असताना भरलात तर आणखी बरं, पाणी आतच कोंडलं जातं.

आणि खड्ड्यांसाठी दोष द्यायचा तो स्कूटरवाल्यांना. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात खास चाचणीसाठी रस्ते बांधून त्यांवर भरलेले ट्रक फिरवत ठेवले होते. त्यातून निघालं ते असं की आसावरचं, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरचं, वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. म्हणजे दहा टनांचा एक आस एक टनाच्या दहा हजार आसांइतकं नुकसान करतो. तुमच्या वरच्या मजल्यासाठी काँक्रीट घेऊन जो मिक्सर गल्लीत चार दिवस येत-जात होता, त्याच्याबद्दल आता बोलून काय उपयोग. स्लॅब तर चांगला झाला ना?

आमच्या गल्लीत एकदा एक तरुण इंजिनीअर आली होती. पावसात मैल्याची लाइन का उफाळते हे तिला शोधायचं होतं. पावसाचं पाणी मैल्याच्या लाइनीत कोण सोडतं, असं तिने सभेत विचारलं. एकानेही हात वर केला नाही. उलट कमिटीचे अध्यक्ष उठले आणि लोकांच्या बेजबाबदारपणावर दहा मिनिटं बोलले. दुसऱ्या दिवशी तिने मॅनहोलवर पंखा ठेवला आणि लाइनीत धूर सोडला. निरुपद्रवी पांढरा धूर. पहिली पाच मिनिटं काही झालं नाही. मग एका घराच्या गच्चीवरून, पन्हाळीच्या तोंडातून, धुराची सरळ रेघ निघाली. मग शेजारच्या. मग समोरच्या दोन. सगळ्यांत दाट धूर अध्यक्षांच्या गच्चीवरून येत होता, आणि ते खाली रस्त्यात आमच्यासोबतच उभे राहून वर बघत होते. ‘वाऱ्यामुळे तिकडे गेला असेल,’ म्हणाले.

वारा नव्हता. असो. असल्या चाचण्यांपासून वसाहत सांभाळा. कॅमेरा पाइपात सोडून आतल्या भेगा आणि सांध्यांतून घुसलेली झाडांची मुळं दाखवणारेही येतात. त्यांनाही चहा पाजून परत पाठवा. ते मग म्हणतात की खोदायचीच गरज नाही, जुन्या पाइपातच राळेत भिजवलेली नळी घालून ती आत कडक करता येते. १९७१ साली लंडनमध्ये एरिक वूड नावाच्या इंजिनीअरने हे पहिल्यांदा करून दाखवलं. पाइप पार खचला नसेल तर गल्ली न उकरता काम होतं. गल्ली उकरली नाही तर काम झालं हे कळणार कसं?

शेवटचं, जुना थर खरवडू नका. खरवडायचं म्हटलं की यंत्र आलं, धूळ आली, उचलायला ट्रक आला. जुन्यावरच नवा टाकावा, दर खेपेला पाचेक सेंटिमीटर. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता हवा हे खरं, सहा मीटरच्या रस्त्याला मध्यभागी सात सेंटिमीटरचा फुगवटा पुरतो. पण तीन थर झाले की रस्ताच एका पायरीएवढा वर येतो आणि पाण्याला कडेचं गटार शोधत बसावं लागत नाही, तुमचं फाटक जवळ पडतं. चेंबरची झाकणं तेवढी खाली राहतात, डबक्याच्या तळाशी. ती कुठे आहेत हे स्कूटरच्या पुढच्या चाकाला बरोबर कळतं.

आमच्या घराला मुळात तीन पायऱ्या होत्या, चढायच्या. पहिल्या तीन थरांत एक गेली, पुढच्या तिनांत दुसरी. गेल्या वर्षीच्या डांबरानंतर ओटा आणि रस्ता एका पातळीत आले. पाऊस पडला की चपला बैठकीतून तरंगत आत येतात. परवा गवंडी बोलावला. त्याने ओटा बघितला, रस्ता बघितला, टेप लावली आणि म्हणाला, ‘पायरी बांधून देतो साहेब, पण चढायची हवी की उतरायची, ते आधी सांगा.’

रस्ता पुन्हा कधी होणार आहे ते विचारून सांगतो, म्हणालो.