एअरबॅगचा दिवा काही केल्या जात नाही

राजेहो, हा एअरबॅगचा दिवा काहून माझ्याच मागं लागला काय मालूम! दारव्ह्याले गाडी गॅरेजात नेली की मेकॅनिक मशीन लावते, गाडीनं नोंदवलेला फॉल्टचा कोड उडवते, पैसे घेते, "झालं भाऊ" म्हणते, अन् घरी कोणी सीट मागं सरकवली की दिवा हजर. अबे, कोड उडवला म्हणजे फॉल्ट गेला का? सीटखाली पिवळं कनेक्टर असते, साइड एअरबॅगचं नाही तं बेल्टच्या प्रिटेन्शनरचं (ठोकल्यावर बेल्ट आवळते थे), सीट मागंपुढं करून वायर ताणते, पिन ढिली होते, वरून आपल्या इकडची धूळ, रेझिस्टन्स जरासा बदलला की दिवा लागलाच. पण थे पाहाले वाकावं लागते नं, थेच कोणाले नको! एकानं तं सरळ एअरबॅगच्या वायरीलेच मल्टीमीटर (वीज मोजाचं यंत्र) लावाले घेतला, म्हटलं बाप्पा थांब, फुटंन थे तोंडावर, आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढ, काही मिनिटं जाऊ दे, मंग कनेक्टरले हात लाव, अन् मीटर तं एअरबॅगले लावूच नको. दुसरा शहाणा म्हणे बल्बच काढून टाकू. वा रे वा! दिवा चालू असला तं ठोकल्यावर एअरबॅग उघडंनच याचा भरवसा नाही, अन् हा दिवाच लपवते. आता यवतमाळले जा म्हणतात, ऐन कापूस वेचणीत!