मऊ पंजा म्हणजे सुखाची स्वारी नव्हे

कल्पनारम्य संगणकीय खेळांत लांडगा, वाघ, अस्वल, ड्रॅगन अशा वाहनांवर बसून फिरण्याची सोय असते, आणि त्यांच्याविषयी एक दावा खेळाडूंमध्ये पुन्हा पुन्हा फिरत राहतो. तो थोडक्यात असा : हे प्राणी खरोखर असते तर त्यांच्यावरची स्वारी घोड्यापेक्षा सुखाची झाली असती, कारण त्यांचे पंजे मऊ आणि पाठ लवचीक असते, प्राणी घोड्याएवढा मोठा झाला की ओझ्याचा प्रश्न उरत नाही, खोगीर आणि लगाम चढवला की घोड्यावर बसता येणाऱ्या माणसाला तेही जमेल, आणि उडणारे वाहन तर सर्वांत सुखाचे, कारण हवेत खाचखळगे नसतात. यातील जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे, आणि ते चुकते तेव्हा या विषयातील सर्वांत रंजक भागच हातातून निसटतो. स्वारी कशी वाटेल हे प्रामुख्याने प्राण्याची पाठ ठरवते, आणि या दाव्यात पाठीचा विचारच उलटा केलेला आहे.

आधी पंजांकडे पाहू. मऊ तळव्यामुळे स्वारी मऊ होत असती, तर उंट हे सर्वांत सुखावह वाहन ठरले असते. उंटाचे तळवे रुंद आणि लुसलुशीत असतात; तरीही त्याच्यावर पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाची कंबर आणि पोट दोन्ही ढवळून निघतात, कारण उंट एका बाजूचे पुढचे आणि मागचे पाय जवळजवळ एकदम टाकतो आणि त्याचे सारे धड आलटून पालटून दोन्ही बाजूंना झुलते. याउलट आइसलँडच्या घोड्याचे खूर कोणत्याही घोड्याच्या खुरांइतकेच कठीण असतात. पण ‘टोल्ट’ नावाच्या त्याच्या चालीत सतत निदान एक पाय जमिनीवर टेकलेला राहतो, शरीर हवेत उसळत नाही, आणि स्वार जवळजवळ स्थिर बसू शकतो. पंज्याची गादी फार तर सेंटिमीटरभर दबते. पाय टेकतानाचा तीक्ष्ण हादरा ती नक्कीच बोथट करते, आणि त्या प्राण्याच्या सांध्यांसाठी ते मोलाचे आहे. परंतु स्वाराला जाणवते ते संपूर्ण धडाचे वर जाणे आणि खाली येणे, आणि ते पाय कोणत्या क्रमाने पडतात आणि शरीर किती वेळ अधांतरी राहते यावर अवलंबून असते.

आता लवचीक पाठीचा मुद्दा. दाव्याचा खरा आधार हाच असल्याने येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. घोड्याच्या पाठीत छातीचे १८ आणि कमरेचे साधारणपणे ६ मणके असतात, आणि भरधाव वेगातही त्यांतील बहुतेक भाग फारसा वाकत नाही. पाय खालून फिरत राहतात आणि वरची पाठ एखाद्या पुलासारखी ताणलेली राहते. माणसाला तिथे बसता येते ते याचमुळे. मांसभक्षक धावपटूंची रचना वेगळ्या तत्त्वावर उभी आहे. चित्ता धावताना कमरेतून कमानीसारखा वाकतो, मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे आणून टाकतो आणि मग संपूर्ण शरीर सरळ ताणून झेप घेतो. त्यामुळे प्रत्येक ढांगेत त्याचे चारही पाय दोनदा जमिनीपासून सुटतात, एकदा आक्रसलेल्या आणि एकदा ताणलेल्या अवस्थेत. घोड्याच्या बाबतीत हे ढांगेमागे एकदाच, पाय पोटाखाली गोळा झालेले असताना घडते. म्हणजेच लवचीक पाठ ही धक्के गिळणारी स्प्रिंग नसून ढांग लांबवणारे यंत्र आहे, आणि स्वाराला बसायचे असते ते नेमके त्या यंत्राच्या हलत्या भागावर.

याचा अनुभव कसा असेल, हे बऱ्यापैकी सांगता येते. पाठ कमान करते तेव्हा स्वार वर उचलला जातो आणि पुढे ढकलला जातो. ती ताणली जाते तेव्हा त्याच्या खालचा आधार निघून जातो आणि तो खाली येतो. घोड्याएवढे मांजरकुळातील जनावर सेकंदाला दोन-अडीच ढांगा टाकते असे धरले, आणि प्रत्येक ढांगेत मागच्या पायांचा एक व पुढच्या पायांचा एक असे दोन उसळे मोजले, तर सेकंदाला चार ते पाच हेलकावे होतात. बसलेल्या माणसाला सर्वांत त्रासदायक ठरणारी उभी कंपने सेकंदाला सुमारे ४ ते ८ या पट्ट्यातीलच असतात, कारण धड आणि पोटातील अवयव त्याच लयीत स्वतःहून डोलू लागतात. भरीला, वेगाने धावणाऱ्या सस्तन प्राण्यांचा श्वास ढांगेशी जोडलेला असतो, तेव्हा कमरेवर बसलेला माणूस त्या प्राण्याची ढांग आणि श्वास दोन्ही एकाच वेळी अडवत असतो. अशा स्थितीत प्राण्याने मंद होणे किंवा ओझे झटकून टाकणे यांपैकीच एक काहीतरी संभवते.

घोडासुद्धा जसाच्या तसा हाती लागलेला नाही. लुडोविक ओर्लांदो यांच्या गटाने २०२१ साली प्राचीन घोड्यांच्या डीएनएचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आजच्या पाळीव घोड्यांचा वंश इसवी सनपूर्व २२०० च्या सुमारास झपाट्याने पसरल्याचे दिसले, आणि ज्या जनुकांची त्या काळात जोरदार निवड झाली त्यांतील एकाचा संबंध पाठीच्या कण्याशी, तर दुसऱ्याचा स्वभावाशी असल्याचे त्या संशोधकांनी मांडले. ज्या जनावराची पाठ मुळातच ताठ, त्याच्याबाबतीतही पिढ्यान्‌पिढ्यांची निवड लागली. मग लवचीक पाठीच्या वाघावर एक खोगीर टाकून काम भागेल असे मानणे फारच घाईचे आहे.

मग पडद्यावर ते इतके सहज का दिसते? खेळ घडवताना स्वाराची आकृती वाहनाच्या सांगाड्यावरील एका बिंदूला जोडलेली असते. प्राण्याचे पाय कितीही धावले तरी तो बिंदू जेवढा हलेल तेवढाच स्वार हलतो, आणि पाहणाऱ्याचा डोळा तर त्याहूनही स्थिर अशा कॅमेऱ्यातून पाहत असतो. खेळणे सुसह्य होण्यासाठी हे गरजेचे आहे, आणि त्यात चूक काहीच नाही. मात्र त्या चित्रावरून शरीराला काय वाटेल याचा निष्कर्ष काढता येत नाही.

आकाराचा मुद्दा गणिताने सुटतो, आणि गॅलिलिओने १६३८ साली तो सोडवूनही ठेवला आहे. प्राण्याची प्रत्येक लांबी दुप्पट केली की हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते आणि वजन आठपट. खांद्यापाशी ८० सेंटिमीटर उंच आणि ४० किलो वजनाचा लांडगा दुप्पट केला तर १६० सेंटिमीटर उंचीचा, ३२० किलोंचा प्राणी मिळतो, आणि स्वार बसण्यापूर्वीच त्याच्या हाडांवर पूर्वीच्या दुप्पट ताण आलेला असतो. त्याच उंचीचा घोडा सहज ५०० किलोंचा असतो, आणि त्याच्यावरही खोगिरासह स्वाराचे वजन त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये असा सर्वसाधारण दंडक आहे. तोच दंडक आपल्या लांडग्याला लावला तर ६४ किलो उरतात. चिलखत घातलेल्या योद्ध्याचे नावच काढायला नको. निसर्गात मोठे प्राणी हा ताण पाय अधिक सरळ आणि शरीर अधिक ताठ ठेवून सोसतात. तेव्हा घोड्याएवढा लांडगा खरोखर उत्क्रांत झाला, तर त्याची चाल घोड्याकडे झुकेल, आणि ज्या लवचीकपणाची एवढी वाखाणणी होते तोच त्याला सोडून द्यावा लागेल. मला या साऱ्या विषयातील ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

खोगीर आणि लगाम यांच्याविषयीचा समज अधिक साधा आहे, पण तितकाच चुकीचा. खोगिराचा सांगाडा ताठ असतो आणि तो कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर वजन वाटून देतो. घोड्याच्या खांद्यांमधला हाडाचा उंचवटा त्याला सरकू देत नाही. लांडग्याला किंवा वाघाला तसा ठळक उंचवटा नाही, त्यांची कातडी सैल असते आणि खालची पाठ प्रत्येक ढांगेत लांबीने कमी-जास्त होते. अशा पाठीवर खोगीर आडवे फिरेल, नाहीतर तंग, म्हणजे खोगीर बांधण्याचा पोटाखालचा पट्टा, इतका आवळावा लागेल की श्वासच कोंडेल. माणसांनी वेगळ्या पाठींसाठी वेगळ्या बैठका शोधल्या आहेत, आणि कल्पनेला खरे खाद्य तिथेच मिळते. सैबेरियातील एवेंकी लोक रेनडिअरवर बसतात तेव्हा खोगीर पाठीच्या मध्यावर न ठेवता खांद्यांवर ठेवतात, कारण त्या प्राण्याची पाठ मधोमध ओझे पेलत नाही. तोल सांभाळायला हाती काठी असते. माहूत हत्तीच्या मानेवर बसतो आणि कानांमागे पायांनी इशारे देतो. लांडग्याचा स्वारही बहुधा असाच खांद्यांवर, जवळजवळ मानेशी बसेल, आणि प्रत्येक पावलाला त्याच्या मांड्यांखालून खांद्याची हाडे पुढे-मागे सरकत राहतील.

लगामाचे तसेच. घोड्याच्या जबड्यात पुढच्या आणि मागच्या दातांमध्ये मोकळी जागा असते आणि लोखंडी कडी तिथे हिरडीवर टेकते. लांडग्याच्या तोंडात सुळे आणि कातर दात असतात, आणि धावताना त्याला तेच तोंड उघडून धापा टाकायच्या असतात, कारण घोड्यासारखा घाम गाळून तो अंग थंड करू शकत नाही. त्यामुळे दौड लांबली की दाट लोकर, वरचे ओझे आणि अडवलेले तोंड यांनी तो तापेल. कुत्र्यांच्या सहवासात माणूस हजारो वर्षे आहे, आणि वेगाने जायचे असेल तेव्हा त्याने त्यांना गाडी ओढायला लावून आवाजाने हाकले. हा अनुभव दुर्लक्षिण्यासारखा नाही.

दिवसभराच्या वेगाविषयी फार बोलायला नको. चित्त्याची सुसाट धाव मिनिटभरही टिकत नाही, आणि वाघ हा दबा धरून झेपावणारा प्राणी आहे. दीर्घ पल्ल्याला यांतील एकटा लांडगाच खरा, तोही आपल्या बेताच्या दुडक्या चालीत.

अस्वलाच्या बाजूने मात्र मी बोलेन. मोठ्या तपकिरी किंवा ध्रुवीय अस्वलाचे वजन घोड्याच्या जवळपास पोहोचते, हाडे दणकट असतात, आणि आकार फुगवण्याचा प्रश्न येत नाही. सावकाश चालीत ते डोलत जाईल आणि ते सोसता येईल. अडचण रुंदीची आहे : इतक्या रुंद धडाभोवती पाय फाकवून तासन्‌तास बसणे माणसाच्या खुब्यांना झेपणारे नाही, म्हणून पाय दुमडून बसायची एखादी बैठक हवी. शिवाय थंडीपूर्वी चरबीने फुगलेल्या आणि थंडीनंतर उतरलेल्या त्याच अस्वलाला एकच खोगीर बसणार नाही.

आता उडणारी वाहने. हवेत खाचखळगे नसतात हे विधान पंख स्थिर ठेवून तरंगण्यापुरते बरेचसे खरे आहे. परंतु पंख मारताना शरीर स्थिर राहत नाही. पंख खाली येताना शरीर उचलले जाते, वर जाताना ते खचते. उचल फक्त खालच्या फटक्यात मिळते आणि सेकंदाला एक फटका पडतो असे टोकाचे उदाहरण घेतले, तर प्रत्येक फटक्यात वाहन सुमारे ६० सेंटिमीटर वर-खाली होईल. अर्धा वेळ स्वाराचे वजन दुप्पट असेल आणि अर्धा वेळ शून्य. प्रत्यक्षात वरच्या फटक्यातही थोडी उचल मिळत असल्याने हे कमी होईल, पण नाहीसे होणार नाही. वळतानाही शरीराला किंमत मोजावी लागते : उंची न गमावता ६० अंशांचा कल घेऊन वळले की स्वाराचे वजन वळण संपेपर्यंत दुप्पट होते.

याहून मोठा शत्रू वारा. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. पॅराशूट उघडण्यापूर्वी पोटावर पडणारा माणूस ताशी सुमारे २०० किलोमीटरवर स्थिरावतो, कारण त्या वेगाला हवेचा रेटा त्याच्या वजनाएवढा होतो. ड्रॅगनवर ताठ बसलेल्या स्वाराला त्या वेगाला साधारण तेवढाच रेटा मागे ढकलत असेल, आणि रिकिबीत पाय अडकवून तो पेलणे अशक्य आहे. त्यात दर १००० मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी उतरणारे तापमान मिळवा. उडणाऱ्या प्राण्यांचे मुख्य स्नायू छातीवर असतात, त्यामुळे छातीभोवती आवळलेला तंग नेमका पंख मारणारा स्नायूच बांधून टाकेल. या सर्वांतून निघणारी बैठक एकच दिसते : मानेच्या बुडाशी, पोटावर पालथे पडून, अंगाला बांधून घेतलेला स्वार. तलवार उगारून ताठ बसण्याची मुद्रा तिथे संभवत नाही.

शेवटचा आक्षेप असा की हे सारे काल्पनिक आहे, जादूने काहीही होऊ शकते, मग हाडे आणि वारा मोजायचा कशाला? जादूने ड्रॅगन हलका होतो हे मी मान्य करतो. ज्या जगाचा तो नियम आहे त्या जगात तो असो. पण मूळ दावा ‘खरोखर असते तर कसे वाटले असते’ असा आहे, आणि वाटण्याचा प्रश्न स्वाराच्या शरीराचा आहे, जे अशा बहुतेक जगांत तुमच्या-माझ्यासारखेच कल्पिलेले असते. तो थकतो, भुकेजतो, जखमी होतो, उंचावरून पडला तर मरतो. त्याच्यावर जादू केलेली नसेल, तर वाहन वर झेपावताना त्याचे आतडे मागे राहील, आणि वाहन एकाएकी थांबले तर तो पुढेच जाईल.