देब्युसी धूसर नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप दोन: चित्रकार मोने, संगीतकार देब्युसी आणि कवी मालार्मे या फ्रेंच कलावंतांना मी ‘इम्प्रेशनिझम’ (क्षणाचा उजेड, त्याची मनावरची छाप टिपणारी कलाशैली) या एकाच नावाखाली आणणं ढिसाळपणाचं आहे, आणि ही कला मुळातच धूसर, बांधणी नसलेली, नुसती ‘वातावरणनिर्मिती’ आहे. दुसरा आक्षेप मला अजिबात मान्य नाही, म्हणून आधी त्याविषयी.

मालार्मेच्या कवितेवरून देब्युसीने रचलेलं ‘फॉनची दुपार’चं (फॉन म्हणजे अर्धा माणूस, अर्धा बोकड असा वनदेव) प्रेल्यूड, म्हणजे वाद्यवृंदासाठीची छोटी रचना, १८९४ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा वाजलं. सुरुवातीला बासरी एकटीच आहे, साथीला कुणी नाही. ती सी शार्प या स्वरावर थांबते, बहुतेक अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी जी या स्वरापर्यंत उतरते आणि परत वर येते. आपल्या भाषेत सा आणि तीव्र मध्यमाएवढं हे अंतर. एवढ्यावरून मूळ स्वर कुठला, हे कानाला ठरवता येत नाही. शिवाय पाश्चात्त्य बासरीवर हा सी शार्प जवळजवळ सगळी छिद्रं उघडी ठेवून निघतो, त्यामुळे तो जरा पोकळ, फिकट लागतो. देब्युसीने नेमका तोच निवडला. पुढे अकराव्या मापात (माप म्हणजे लिहिलेल्या संगीतातला तालाचा एक छोटा खंड) हीच धून त्याच स्वरांवर परत येते, पण आता तिच्याखाली वाद्यवृंद डी मेजर या स्वरमेळाचा रंग धरतो. एकविसाव्या मापात पुन्हा येते, तेव्हा खाली ई मेजर असतो. धून तीच, उजेड वेगळा. याला बांधणी नाही म्हणायचं?

मोने फ्रान्समधल्या रूआँ शहराच्या कॅथेड्रलसमोर हेच करत होता. समोरच्या इमारतीतल्या खोलीत एकाच वेळी अनेक कॅनव्हास मांडायचे, ऊन सरकलं की पुढचा हातात घ्यायचा. १८९५ मध्ये त्यांतली वीस चित्रं चित्रविक्रेता द्युराँ-र्‍युएलच्या दालनात लागली. दगड तोच, दर चित्रात उजेड निराळा. तोही डोळ्यासमोरच्या अंदाजावर सोडलेला नाही. जिव्हेर्नी गावातल्या आपल्या स्टुडिओत त्याने ती चित्रं पुढे कितीतरी दिवस घासूनपुसून पुरी केली.

कवींबद्दल तुमचं बरोबर आहे. मालार्मे आणि व्हेर्लेन प्रतीकवादी (थेट न सांगता प्रतीकांतून सुचवणाऱ्या) गटातले, आणि मी त्यांना चित्रकारांच्या रांगेत बसवणारही नाही. पण ‘सगळ्यांआधी संगीत’ असं म्हणणारा व्हेर्लेन त्याच कवितेत विषम अक्षरसंख्येची ओळ मागतो आणि ती कविता नऊ अक्षरांच्या ओळींत लिहून दाखवतो. फ्रेंच कान बारा अक्षरांना सरावलेला. नवव्यावर ओळ संपली की तोल हलतो. हा हलता तोल मोजून आणलेला आहे.

राहिलं नाव. देब्युसीला ते आवडत नव्हतं, हे खरंच. १८८७ मध्ये फ्रान्सच्या कला-अकादमीने त्याच्या ‘प्रँताँ’ या रचनेवर ‘अस्पष्ट इम्प्रेशनिझम’चा ठपका ठेवला होता, आणि १९०८ मध्ये आपला संगीत-प्रकाशक द्युराँ (वरचा चित्रविक्रेता नव्हे) याला लिहिताना त्याने हा शब्द वापरणाऱ्यांना मूर्ख म्हटलं. त्याची चीड मला समजते: ‘अस्पष्ट’ हा शिक्का त्याला आयुष्यभर चिकटला, आणि तुमच्या प्रतिक्रियेतही तोच आहे. नाव हवं तर सोडून द्या. अकरावं आणि एकविसावं माप मात्र एकदा लागोपाठ ऐका, आणि मग ‘धूसर’ हा शब्द टिकतो का ते मला कळवा.