गळ्याची सोनोग्राफी, तीही मोफत!

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी मेसेज पडला: महिलांसाठी हेल्थ कॅम्प, थायरॉइड सोनोग्राफी मोफत, 'फक्त सभासदांसाठी'. खाली हात जोडलेले इमोजी. माझं डोकंच सटकलं.

माझ्या मोठ्या नणंदेचं, ताईचं, काय झालं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. काही म्हणता काही त्रास नव्हता. ऑफिसच्या पॅकेजमध्ये सोनोग्राफी होती म्हणून केली आणि सहा मिलिमीटरची गाठ निघाली. सुई टाकून तपासलं, पॅपिलरी कॅन्सर, म्हणजे थायरॉइडचा सहसा संथ वाढणारा प्रकार. मेडिक्लेम होताच, पंधरवड्यात अख्खी ग्रंथी काढून मोकळे! थोडं थांबून बघता येईल, हे कोणी सांगितलंच नाही. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलात १९९३ पासून अशा बारक्या गाठी न कापता नुसत्या नजरेखाली ठेवतात.

डोळे उघडायच्या आधी चहा लागणारी बाई ती. आता थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेऊन चहासाठी घड्याळाकडे बघत बसते. ऑपरेशनपासून कॅल्शियम उतरलं की बोटांना मुंग्या येतात, ते वेगळंच.

दक्षिण कोरियात हेच देशभर झालं. तपासण्यांची लाट आली आणि १९९३ च्या तुलनेत २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचे रुग्ण पंधरापट! मृत्यू मात्र जवळजवळ तेवढेच. २०१४ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी जाहीरपणे विरोध केला, तेव्हा ऑपरेशनं घटली. म्हणजे मशीन जिथे, पैसा जिथे, तिथे कॅन्सर 'वाढतो'. आणि त्यात भरडल्या जातात जास्त करून बायकाच.

हो, काही प्रकार जीवघेणे असतात, मान्य. गळ्याला गाठ लागली, आवाज बसला तो बसलाच, लहानपणी मानेला रेडिएशन झालेलं असेल, तर आजच्या आज डॉक्टर गाठा. पण धडधाकट बायकांना रांगेत उभं करून गळे कसले तपासता? ताईही धडधाकटच होती हो. अजून रिपोर्टची फाइल उशाशी घेऊन झोपते.

आणि ज्यांना खरंच गरज आहे त्या? आमच्याकडे पोळ्यांना कळव्याहून येणाऱ्या मावशींच्या गळ्यावर लिंबाएवढी गाठ आहे. लांबून दिसते. पण त्या पडल्या बिगर-सभासद! शिवाय खाडा केला की पैसे कापले जातात, मग दाखवायला जाणार कधी? ताईला न मागता मिळालं, यांना मागूनही नाही.

असो. चिडून काय होणार. सोमवारी मी मावशींना सरकारी हॉस्पिटलात घेऊन जातेय. बी विंगमधल्या ज्यांच्याकडे त्या कामाला आहेत, त्यांनी त्या दिवशीचे पैसे कापू नयेत. कॅम्पचं रविवारच्या मीटिंगमध्ये बोलूच.